बदरूभाईंचं बोलावणं

बदरुद्दीन सारंग यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं बोलावणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं नव्हतं, आणि त्यांचा घात झाला तो नेमका ह्याच सद्गुणापायी. दुर्गुणांनी माणूस बुडतो हे आपल्या कानीकपाळी लहानपणापासून ओरडलेलं असतं. सद्गुणसुद्धा माणसाला व्यवस्थित बुडवतात हे कोणी सांगत नाही, कारण मग पोरांना शिकवायला काही उरणार नाही.

बदरूभाई मूळचे दाभोळच्या खाडीकाठच्या वेळशेत गावचे. तिथल्या मोहल्ल्याची एक जुनी रीत आहे. घरात निकाह असो, बाळाचा अकीका असो, की मयताच्या चाळिसाव्याचं जेवण असो, बोलावणं तोंडी द्यायचं. पत्रिका छापतात, पण त्या बाहेरगावच्या लोकांसाठी. मोहल्ल्यात माणूस दारात जाऊन उभा राहतो, कोणाच्या घरचं कसलं बोलावणं ते सांगतो आणि उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. येतो म्हणा, येत नाही म्हणा, सासुरवाडीला जायचंय म्हणा, गुडघा धरलाय म्हणा, सगळं चालतं. चालत नाही ते गप्प बसणं. बोलावणं ऐकून जो उत्तरच देत नाही, त्यानं त्या घराशी असलेलं नातं तोडलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. वेळशेतमध्ये वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसं पुष्कळ सापडतील. पण तीसुद्धा बोलावण्याला 'येत नाय' एवढं तरी म्हणतात आणि मग पुन्हा आपला अबोला सुरू करतात.

हे बोलावण्याचं काम सारंगांच्या घराकडे बापजाद्यांपासून चालत आलेलं. बदरूभाईंचे वडील पांढरी टोपी घालून निघाले की बायका माजघरातूनच विचारायच्या, "कोनाचा जमला?" बदरूभाई विशीत कुवेतला आले तेव्हा त्यांना वाटलं होतं, हे काम आपल्या वाट्याचं संपलं. पण गाव सोडल्यानं गाव सुटतं असं थोडंच आहे? वेळशेतची माणसं इथेही भरपूर. कोणी सलव्यात, कोणी फिंतासला, कोणी रुमैथियाच्या बंगल्यांमागच्या खोलीत. कपड्याच्या दुकानात, हॉस्पिटलात, गाडीच्या स्टिअरिंगवर. त्यांची मिळून एक जमात आहे. जमातीचा अध्यक्ष निवडताना दर वेळी भांडण होतं. बोलावण्याचं काम मात्र कोणी न नेमता बदरूभाईंकडे आलं आणि त्यावरून कधी चकार शब्द निघाला नाही. सुट्टीच्या दिवशी ते फोन घेऊन बसायचे आणि एकेकाला लावायचे. 'बदरूभाईंचा बोलवना' आला की माणसं ड्यूटी बदलून घेत.

त्यांची नोकरीही त्याच धर्तीची. लग्नाला, मयतीला, आणि थंडीत वाळवंटात राहायला जाणाऱ्या हौशी कुटुंबांना तंबू, गालिचे, खुर्च्या भाड्यानं देणारी एक कंपनी सलव्यात आहे. तिच्या स्टोअरचे बदरूभाई मुखत्यार. लोक एकत्र बसावेत म्हणून त्यांनी इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, पण ह्या गोष्टीचं त्यांना कधी कौतुक वाटलं नाही. खुर्च्या उचलताना कंबर धरते एवढंच ते म्हणत.

मग कोरोना आला. मशिदी बंद, जाणं-येणं बंद. गावी कोणी वारलं तरी इथे चार माणसांना एकत्र बसून दुवा मागता येईना. तेव्हा बदरूभाईंच्या मुलीनं, युसरानं, बापाला व्हिडिओ मीटिंगचं खातं उघडून दिलं, जमातीतल्या सगळ्यांचे नंबर आणि मेल त्यात भरले, आणि लिंक कशी पाठवायची ते शिकवलं. पहिल्या मीटिंगला निम्म्यांची फक्त कपाळं दिसत होती. पण माणसं बसली, रडली, एकमेकांना बघून हसली. तेव्हापासून 'बदरूभाईंची लिंक' हा शब्द जमातीत रूढ झाला. लिंक आली की दाबायची. कोणाची, कशाची, असं विचारायचं नाही. दारात उभ्या माणसाला 'तू खरंच तूच ना?' असं कोणी विचारतं का?

साथ गेली, खातं राहिलं. आणि त्या खात्यावर भलत्याच लोकांची आमंत्रणं यायला लागली.

'ग्लोबल इन्व्हेस्टर समिट.' 'क्वार्टर्ली रेव्हेन्यू रिव्ह्यू.' 'अर्जंट: पगार-खात्यात बदल.' कधी एका तंबूच्या स्टोअरकीपरला 'महिला उद्योजकांची खास बैठक'. सकाळी फोन उघडावा तर कॅलेंडर इतकं भरलेलं, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस सरकार चालवतो. कोणीही शहाणा माणूस हे उडवून टाकतो. बदरूभाईंनी काय करावं? त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. युसराकडून एकदा इंग्रजीत लिहून घेतलं, आणि मग तेच पाठवत राहिले: आपण आठवणीनं बोलावलंत, आभारी आहे. कंपनीची ड्यूटी असल्यामुळे येता येणार नाही. कार्य सुखरूप पार पडो. बदरुद्दीन सारंग, कुवेत.

"अब्बा, इट्स स्पॅम," युसरा कपाळावर हात मारून म्हणाली. "यू डोन्ट हॅव टू रिप्लाय."

"बोलवलाय तेनी."

"दे डोन्ट ईव्हन नो यू!"

"माझा नाव लिवलाय. ह्यो बघ. डिअर बदरुद्दीन."

"मशीननं लिहिलंय. नोबडी इज देअर, अब्बा."

"मशीन कोनीतरी लावला असंल ना?"

तिनं हजारदा समजावलं की तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, इथे जिवंत माणूस आहे, आणि मग ते आणखी पाठवतात. बदरूभाईंना तेही पटलं नाही असं नाही. पटूनही हात थांबत नव्हता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, पण भीड ज्याच्या रक्तातच आहे त्यानं ती काढून कुठे ठेवायची?

त्याच हिवाळ्यात युसराचं लग्न ठरलं. मुलगा आमिर, फिंतासला राहणाऱ्या कोकणी कुटुंबातला, सालस. निकाह इथेच करायचा ठरलं. घरात गडबड सुरू झाली आणि बदरूभाईंच्या मनात पहिला विचार आला तो उस्मानला बोलावण्याचा. पहिलं बोलावणं उस्मानचं.

उस्मान वेळशेतला त्यांच्या शेजारचा. दोघं एकाच वर्षी कुवेतला आले, पहिली कित्येक वर्षं एकाच खोलीत राहिले, एकाच तव्यावर भाकऱ्या थापल्या. बदरूभाईंनी नंतर बायको आणली, संसार मांडला. उस्मान रुमैथियाच्या एका कुवेती घरात ड्रायव्हर म्हणून राहिला तो राहिलाच. युसरा जन्मली तेव्हा बदरूभाई वाळवंटात तंबू ठोकत होते, आणि त्यांच्या बायकोला, मुनिराबींना, गाडीतून दवाखान्यात नेलं ते उस्माननं. पोरीचं नावही त्यानंच सुचवलं. ह्या माणसाचा एकच हट्ट: कोणाकडे काही मागायचं नाही. मालकांकडे कधी उचल मागितली नाही, मित्राकडे कधी उसनं मागितलं नाही, जेवायला बसला तर मीठसुद्धा मागायचा नाही. मुनिराबी त्याला हसायच्या. "उस्मानभाई, बोला ना, मीठ नाय म्हनून!" तो अळणी जेवून उठायचा.

सुट्टीच्या दिवशी रुमैथियाला जाऊन, दारात उभं राहून उस्मानला बोलवायचं, असं बदरूभाईंनी ठरवलं होतं. त्याआधीच ते आमंत्रण आलं.

कसल्याशा 'वार्षिक मेळाव्या'चं होतं. बदरूभाईंनी नेहमीप्रमाणे नकार कळवायला बोट लावलं, तर एक नवंच पान उघडलं. नकार देण्यासाठी कृपया आपल्या खात्याचा पासवर्ड भरा. कोणताही चोर 'आत यायला किल्ली द्या' म्हणतो. हा चोर जास्त हुशार निघाला, त्यानं नाही म्हणण्यासाठी किल्ली मागितली. बदरूभाईंनी चष्मा लावला, पासवर्ड एकेक अक्षर जपून भरला, आणि क्षमा मागून मोकळे झाले. दार उघडून वर सलाम करून आले म्हणा ना.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी असरच्या नमाजानंतर, कंपनीचं काम निघाल्यामुळे रुमैथियाला जायचं सोडून ते सलव्यातल्या एका घराच्या अंगणाची मापं घेत होते. फोन वाजला. फखरुन्निसा खाला. जमातीतली सगळ्यात वडीलधारी बाई, फिंतासला लेकाकडे राहते.

"बदरू, आमी कवापासून बसलोय. तू खंय रवलायस?"

"कशाला बसलाव, खाला?"

"आता ह्याला काय म्हनायचा! तूच बोलवलास आनि तूच इचारतंस?"

बदरूभाईंच्या हातातली टेप सटकन् आत गेली. त्यांनी फोनवर लिंक शोधली. लिंक होती. 'बदरुद्दीन सारंग तुम्हाला महत्त्वाच्या बैठकीला बोलावत आहेत.' त्यांच्याच नावानं, त्यांच्याच खात्यावरून, जमातीतल्या प्रत्येक माणसाला. आणि जमातीतला प्रत्येक माणूस आला होता. असा मान मुख्यमंत्र्यालाही मिळत नसेल. कोणी दुकानाच्या मागच्या खोलीतून, कोणी हॉस्पिटलच्या जिन्यातून, कोणी अंगावर धुतलेला सदरा चढवून. मधोमध एक काळा चौकोन होता आणि त्याखाली लिहिलं होतं: बदरुद्दीन सारंग. त्या चौकोनातून एक परका आवाज हिंदीत बोलत होता.

"देखिए मॅडम, मैं व्हेरिफिकेशन डिपार्टमेंट से..."

"ता रवं दे," फखरुन्निसा खाला म्हणाल्या. "तू कोनाचा? बापाचा नाव काय?"

"मॅडम, आपके फोन पर एक नंबर आया होगा..."

"नंबर सांगतंव मगे. आदी सांग, बदरूचा तू कोन लागतंस? आवाज बसलाय तुजा. काढा घेतलास का?"

दुसऱ्या एका चौकोनात कोणीतरी आपला नवा नातू सगळ्यांना दाखवत होतं. तिसरीकडे बाजारात पापलेट कसं महाग झालंय ह्यावर दोघांचं चाललं होतं. "प्लीज, सब लोग म्यूट कीजिए," असं तो भामटा काकुळतीला येऊन म्हणत होता. त्यानं लुबाडायला माणसं जमवली आणि ती त्याच्या उरावर बसून गप्पा मारायला लागली. एरवी बदरूभाईही हसले असते. पण काळ्या चौकोनाखालचं आपलं नाव बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हा माझा बोलवना नाय!" ते अंगणात उभे राहून ओरडले. "मी नाय बोलवला! चोर हाय तो! कोनी काय सांगू नका!"

काळा चौकोन क्षणात नाहीसा झाला. मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी शिव्या घातल्या, कोणी हसलं, खालांनी तर जाहीर केलं की आपल्याला आधीच वास आला होता. सगळा गलका ओसरत आला तेव्हा एका कोपऱ्यातल्या चौकोनातून आवाज आला. उस्मान होता. मालकांच्या गाडीत बसलेला, डोक्यावर नमाजाची टोपी.

"बदरू," तो म्हणाला, "मी दिला ना रे आकडा. पयलाच मी आलो. तुझा नाव बघला, म्हटला बदरू मागतोय."

त्या आकड्यानं काय केलं ते संध्याकाळपर्यंत कळलं. उस्मानचं व्हॉट्सॅप चोरांच्या हातात गेलं, आणि उस्मानच्या नावानं, उस्मानच्या फोटोसकट, त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाकडे पैशांची याचना जायला लागली. गाववाल्यांकडे गेली. शेजारच्या बंगल्यांच्या ड्रायव्हरांकडे गेली. त्याच्या मालकांकडे, मालकीणबाईंकडे, त्यांच्या लग्न झालेल्या मुलींकडे गेली. 'डिअर, फार अडचणीत आहे, थोडी मदत करा, कोणाला सांगू नका.' ज्या माणसानं जन्मात मीठ मागितलं नाही, तो त्या एका दिवसात साऱ्या कुवेतपुढे हात पसरून उभा राहिला.

पैसे कोणी पाठवले नाहीत म्हणे. खातंही काही दिवसांनी परत मिळालं. पण शेजारच्या बंगल्यातल्या एका ड्रायव्हरनं त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाई, जुआ-वुआ तो नहीं खेलते?" आणि दुसऱ्यानं चहाचे पैसे त्याच्याकडून घेतले नाहीत. अशी दया फार झोंबते. उस्मानला ती हाडापर्यंत झोंबली.

बदरूभाई त्या मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी रुमैथियाला गेले. उस्मान गेटपाशी गाडी धूत होता. बदरूभाईंनी सगळं सांगितलं, पासवर्डचं सांगितलं, क्षमा मागितली. उस्मान गाडी धूत राहिला. मग बदरूभाईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी घाई केली. काही तरी बोलला तर बोलेल, ह्या आशेनं ते म्हणाले, "उस्मान, युसराचा निकाह ठरलाय. पयला बोलवना तुझा. येशील ना?"

उस्माननं नळ बंद केला. पाइप गुंडाळला, खुंटीला लावला, आणि मागच्या खोलीत निघून गेला.

बदरूभाई गेटपाशी उभे राहिले. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही ही रीत. ऊन उतरलं, गल्लीतले दिवे लागले. शेवटी मालकांची मोलकरीण बाहेर येऊन बघायला लागली तेव्हा लाजेकाजेस्तव त्यांना निघावं लागलं. सारंगांच्या घरातला माणूस उत्तराशिवाय दारातून परतला, असं त्यांच्या माहितीत तरी कधी झालं नव्हतं.

घरी येऊन ते मुनिराबींना एवढंच म्हणाले, "बोलला नाय."

मुनिराबी वेळशेतच्याच. त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही.

निकाहापर्यंत उस्मानचं उत्तर आलं नाही तर हे नातं मेलं, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. बदरूभाईंनी ते मीटिंगचं खातं युसराकडून बंद करून घेतलं. बाकीच्या सगळ्यांकडे ते स्वतः गेले. फोन नाही, लिंक नाही. ड्यूटी संपली की बस पकडून एकेका दारात. लोकांनी स्वागत केलं, येतो म्हणाले, आणि चिडवायचंही सोडलं नाही. "बदरूभाई, आता आकडा सांगायचा काय?" एकानं तर "तुमीच ना नक्की?" म्हणून त्यांची दाढी ओढून बघितली. बदरूभाई हसले. घरी परतताना मात्र त्यांचा चेहरा असा होई की बसमध्ये कोणी जागा दिली तरी त्यांच्या ध्यानात येत नसे. जमातीच्या बोलावण्याचं काम आता दुसऱ्या कोणाला द्या, असंही त्यांनी अध्यक्षांना सांगून टाकलं. अध्यक्ष म्हणाले, बघू. बदरूभाईंना वाटलं, हा माणूस निदान 'नाही' तरी म्हणाला असता तर बरं.

युसरा हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी तिनं आपल्या गाडीची किल्ली उचलली. "आय विल गो, अब्बा. मी बोलते चाचांशी. ही कान्ट से नो टू मी."

"म्हनूनच नाय जायचा," बदरूभाई म्हणाले. "तू गेलीस तर तो येल. पोरीचा तोंड बघून येल. माझा उत्तर तेच्या मनातच रवंल."

ती किल्ली ठेवून बापाशेजारी बसली. मेंदीच्या रंगाबद्दल काहीतरी बोलायला लागली आणि मधेच थांबली.

त्यानंतर बदरूभाईंनी जे केलं ते त्यांच्यासारख्या भिडस्त माणसानं केलं ह्याचं मला अजून नवल वाटतं. उस्मानच्या मालकांच्या घरी आठवड्यातून एकदा पुरुषमंडळींची दिवाणिया भरते. नातेवाईक, शेजारी, दोस्त असे बसतात, चहा-कॉफी होते, साऱ्या मुलखाच्या गोष्टी निघतात. बाहेर ड्रायव्हर लोकांचाही आपला अड्डा असतो. मागे एकदा तिथे खुर्च्या पोचवल्या होत्या, तेवढ्या ओळखीवर बदरूभाई गेले. इस्त्रीचा कोट घातला, वडिलांसारखी पांढरी टोपी घातली, आणि सरळ दिवाणियाच्या दारात उभे राहिले.

बदरूभाईंचं अरबी म्हणजे खुर्च्या मोजण्यापुरतं आणि तंबूचा भाव सांगण्यापुरतं. त्याच्यात त्यांनी सगळं सांगितलं. चोराला दार मी उघडून दिलं. माझ्या नावामुळे उस्मान फसला. त्या मेसेजमधला एकही शब्द त्याचा नाही. चूक माझी, आणि ज्यांना ज्यांना तो मेसेज आला त्या सगळ्यांसमोर मी ती सांगायला आलोय. शब्द सुचेना तिथे त्यांनी हातांनी सांगितलं.

घरचे थोरले मालक, अबू मिशारी, ऐकत होते. मग ते मोठ्यानं हसले. "अरे भल्या माणसा," ते म्हणाले, "आम्हाला पहिल्याच क्षणी कळलं होतं. त्या मेसेजमध्ये 'डिअर' होतं. उस्माननं इतक्या वर्षांत कोणाला डिअर म्हटलंय का? तो तर आम्हाला पगाराचीही आठवण करून देत नाही!" सगळी दिवाणिया हसली. मग ते गंभीर झाले. "पण तो माणूस आमच्या नजरेला नजर देत नाही. तू आलास ते फार चांगलं केलंस. बस, चहा घे."

बदरूभाईंनी उभ्याउभ्याच चहा घेतला. दाराबाहेर ड्रायव्हर लोक जमले होते. ते चहाचे पैसे न घेणारे, जुगाराचं विचारणारे, सगळे ऐकत होते. त्यांच्या मागे भिंतीला टेकून उस्मान उभा होता. बदरूभाई त्याच्या समोरून गेले. त्यांनी सलाम केला. पुन्हा बोलावलं नाही. एकदा दिलेलं बोलावणं पुन्हा द्यायचं नसतं. उस्माननं सलाम घेतला, पण तो तर माणूस कोणाचाही घेतो.

दिवस गेले. फोन आला नाही.

निकाह गुरुवारी संध्याकाळी होता. हॉलमध्ये खुर्च्या कंपनीनंच दिल्या होत्या, फुकट, आणि बदरूभाई सवयीनं त्या सरळ करत फिरत होते. फखरुन्निसा खाला पुढच्या रांगेत बसून येणाऱ्या प्रत्येकाचं खानदान विचारत होत्या. आमिरकडची मंडळी आली. वड्यांचा आणि मटणाचा वास सुटला. काझीसाहेब घड्याळ बघायला लागले.

"आता करूया?" मुनिराबींनी हळूच विचारलं.

बदरूभाईंनी दाराकडे बघितलं. "करूया," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, बघितला, आणि कानाला लावायच्या आधी भिंतीला हात टेकला.

"बदरू." उस्मान होता. मागे गाड्यांचे आवाज येत होते. "मॅडमना एअरपोर्टला सोडायचा हाय. माना येवाला जमनार नाय."

मॅडम खरंच कुठे निघाल्या होत्या की काय, बदरूभाईंनी विचारलं नाही. रीतीत तो प्रश्न बसत नाही.

"बरा," ते म्हणाले. एवढंच त्यांना म्हणता आलं.

"युसरा वेड्यासारखी रडंल बघ निघताना. तिला सांग, चाचांनी दुवा केलीय." मग उस्मान पुन्हा म्हणाला, "दिवाणियात तुझा अरबी ऐकला. लय बेकार अरबी हाय तुझा." आणि त्यानं फोन ठेवला.

"कोन? उस्मानभाई?" मुनिराबी जवळ आल्या. "काय म्हनाले?"

"येत नाय म्हनाला!" बदरूभाई ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "मुनिरा, उस्मान येत नाय म्हनाला!"

आमिरकडची माणसं चमकून बघायला लागली. पाहुणा येत नाही म्हणून इतका हरखलेला बाप त्यांनी कधी बघितला नव्हता. मुनिराबींनी ओढणीनं डोळे टिपले. वेळशेतमध्ये जो कारण सांगून येत नाही, त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवतात. त्या स्वयंपाकाच्या बाजूला वळल्या.

"मगे आदी तेचा डबा भरा," त्या म्हणाल्या, "वडे गरम हायत तवर. आनि वर मीठ बांधून द्या, तो मागायचा नाय."